काटेदेवाचा डोळा

"देव वळला! देव वळला!"

अशी आरोळी उठली की मांडवातले सगळे एकदम गुडघ्यावर यायचे. माझ्या बापाला गुडघ्यावर आणायला मी पुरायचो, परत उभं करायला आणखी दोघे लागायचे. रांगेत ओळख व्हायला हा चांगला मार्ग आहे.

दर्यापूरच्या बाहेर वामनरावांच्या शेतात काळ्या ताडपत्रीचा तो मांडव होता. आत काचेची टाकी, टाकीच्या एका बाजूला उंच खांबावर एकच झगझगीत दिवा, आणि टाकीत काटेदेव. अंग वरुडच्या संत्र्याएवढं, पण काळंकुट्ट. सगळ्या अंगातून वीत-वीतभर लांब, सुईसारखे काटे. बरोबर मधोमध, वरच्या बाजूला, केशरी कडा असलेला एक डोळा आणि त्याभोवती पाच पांढरे ठिपके. भक्त दिव्याच्या बाजूने टाकीवर वाकला की ते सगळे काटे हळूच त्याच्याकडे वळायचे, आणि मांडवातल्या बाया हुंदके द्यायच्या.

टाकीमागे दर्यामहाराज उभे; टाकीतलं पाणीही त्यांनीच कॅनमधून आणलेलं. हातात चांदीचा चिमटा. स्वतःचं बोट त्यांनी पाण्यात कधीच घातलं नाही. त्याला ते संयम म्हणायचे.

"भक्तहो, गावाचं नाव काय? दर्यापूर! दर्या म्हणजे काय? समुद्र! पूर्वजांना माहीत होतं, आपण विसरलो! वामनरावांनी बोअर मारली, पाणी कसं लागलं?"

"खारं!" मांडव ओरडायचा.

"का खारं? कारण खाली समुद्र आहे! आणि त्या समुद्राचा राजा स्वतः वर आला!"

पुण्याचा माणूस इथे हसला असता. आम्ही हसलो नाही, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले. आमच्या जमिनीखालचं पाणी खारट आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवी बोअर लागली की घरधनी आधी जीभ लावून बघतो, मग थुंकतो, मग शिव्या देतो. लहानपणापासून ज्या पाण्यावर थुंकलो त्यातून एक दिवस देव निघणार, हे आम्हाला कुठेतरी न्यायाचं वाटलं.

सहा इंची पाइपातून हे असले काटे वर कसे आले, असं मी एकदा विचारलं. महाराज म्हणाले, "मिटून."

माझा बाप देवमन. नावात देव आहे, घरात नाही. आमचं बौद्ध घर. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली कॅलेंडर. बाबांनी उभ्या आयुष्यात गंडा बांधला नाही, ताईत घातला नाही, कुणाचा अंगारा लावला नाही. चौकात त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळालेली पाण्याची मोटर उघडायची, आतली जुनी तार काढायची, नवी भरायची. उजव्या हाताने तार गुंडाळायची आणि डाव्याने दाबून धरायची. दाब सुटला की तार सैल, तार सैल की मोटर पुन्हा जळाली.

उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. वाचा परत आली, पाय घासत का होईना चालायला लागला. डावा हात मात्र आला नाही. तो त्यांच्या मांडीवर असा पडून असायचा, जसा कुणीतरी ठेवून विसरून गेलाय. साखरेचा त्रास होताच. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, धीर धरा, रोज करा, वेळ लागेल. बाबांनी बरेच महिने धीर धरला. मग एक दिवस म्हणाले, "संघू, माह्या हाताचं वायंडिंग जयलं. आता कितीबी बटन दाबा, मोटर उठत नाई."

दुकानात मीच होतो. मी भरलेली मोटर सुरू केली की शेजारचे दुकानदार आपापल्या शटरमागे जात.

त्या काळात बाबा मांडवात जायचं म्हणाले, तेव्हा आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"साऱ्या जिंदगीत अगरबत्ती नाई लावली, अन् आता काट्याच्या पाया पडाले चाल्ले का?"

"पाया कोन पडते व? मी इलाज कराले चाल्लो."

"मंग फुलं कायले घेतले?"

"सारेच नेतात. रिकाम्या हातानं गेलं तं कसं दिसते?"

बाबांनी फुलं उजव्या हाताने खिशात कोंबली, कारण दुसऱ्या हातात काही राहत नव्हतं.

महाराजांनी त्यांना एका नजरेत ओळखलं. "जय भीम, देवमनभाऊ! तुमच्यासाठी हा देव नाही. तुमच्यासाठी हे सायन्स आहे. काट्यातली वीज मेलेल्या नसेत जाते." पुढच्याच क्षणी रांगेतल्या जानरावांना ते म्हणाले, "हर हर महादेव! शिवाच्या जटा आहेत या!" कापड एकच, माप गिऱ्हाइकाप्रमाणे.

महाराजांनी बाबांचा डावा हात मनगटाला धरला, पाण्यात बुडवला आणि काट्यांवर दाबला.

मी काय बघितलं ते सांगतो. तो हात, जो मी रोज टॉवेलसारखा उचलून धुवायचो, तो झटका मारून पाण्याबाहेर आला. स्वतःहून. कोपरापासून. मांडव गरजला. बोटांवर जांभळे-काळे डाग उमटले होते. "बघा! लकवा रंग होऊन बाहेर पडतोय!" महाराज ओरडले. आणि माझा बाप, ज्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, माझ्या शर्टाला धरून रडत होता.

"संघू, लागलं रे! दुखून राह्यलं! लय दुखून राह्यलं!"

वेदना झाली म्हणून इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मलाही रडू आलं. तुम्हालाही आलं असतं.

महाराजांनी बजावलं: डॉक्टरकडे जायचं नाही, गोळी घ्यायची नाही, वीज उतरते.

घरी हात सुजला. बोटांत काटे मोडून राहिले होते, काळ्या टोकांचे. आता काटा काढणं हे काही आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पोरगं चालायला लागतं त्या दिवशीच त्याला बाभळीचा काटा मोडतो. आईने रीतसर रुईचा चीक लावला, सुई तापवली आणि कोरायला बसली. बाभळीचा काटा असा निघतो, अख्खा. हा निघेना. सुई लागली की आतल्या आत भुगा व्हायचा. आई जितकं खोल जायची तितका तो आणखी खोल.

"हा कायचा काटा हाय व माय? पाटीवरच्या पेन्सिलीवानी फुटते," ती म्हणाली.

मधलं बोट काकडीएवढं झालं. बाबांना ताप भरला. मी म्हटलं दवाखान्यात चला. ते हात छातीशी धरून बसले.

"दुखून राह्यलं म्हनजे जित्तं हाय. डॉक्टर सुई देईन, दुखनं थांबन, अन् हात पुन्हा मरन."

"बाबा, बोट काळं पडून राह्यलं."

"पडू दे. मेलेलं काळं पडते का? जित्तंच पडते."

आई दाराशी बसून त्यांना हात जोडत होती. आमच्या घरात काही मागण्यासाठी हात जोडले गेलेले मी तेव्हाच पाहिले, आणि तेही माणसापुढे. शेवटी तापाने बाबांना बडबड सुटली, नकार द्यायची शुद्ध राहिली नाही, तेव्हा मी त्यांना गाडीत घातलं आणि अमरावती गाठली.

तिथे डॉक्टर सीमा भेटल्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि दिव्यावर धरला. हाडांच्या मध्ये पांढऱ्या बारीक सुया चमकत होत्या.

"काय टोचलं यांना?"

"काटा," मी म्हणालो. अर्धं सत्य सांगायचं असेल तर ते छोटं असावं.

"लाकडाचा काटा एक्स-रेत असा चमकत नाही. हा चुन्याचा आहे. असे हात मी मालवणला नोकरीत असताना पाहिलेत, कोळ्यांचे. पण दर्यापुरात?"

मी मोबाइलवर देवाचा फोटो दाखवला. डॉक्टर त्या फोटोकडे बघत राहिल्या.

"हा प्राणी आहे. सी अर्चिन. समुद्रातलं साळिंदर म्हणा. खडकांवर राहतो, शेवाळ खातो. मत्स्यालयाच्या दुकानातून कुणीतरी आणला असणार. काटे पोकळ, ठिसूळ, त्यांत विष. टोचले की मोडतात, आग होते. काट्यातला रंग कातडीला लागतो, तो एक-दोन दिवसांत जातो. तेवढ्यावर असतं तर गरम पाण्यात हात बुडवून दुखणं कमी झालं असतं. सोसेल इतपतच गरम, आणि यांच्यासारख्यांसाठी दुसऱ्याने हात घालून बघायचं, कारण यांना चटका वेळेवर कळेलच असं नाही. वरवरचे काटे चिमट्याने काढायचे. खोल गेलेले कोरायचे नाहीत, डॉक्टरकडे यायचं. कुणाला श्वास लागला, चेहरा सुजला तर धावतच यायचं. यांच्या बोटाच्या सांध्यात काटा गेलाय, त्यात साखर, त्यात सुईने कोरलेलं. मधलं बोट वाचणार नाही. हात वाचवायला बघते."

बोट काढलं. हात वाचला. ताप उतरल्यावर शुद्धीत आलेल्या बाबांनी पहिली गोष्ट विचारली:

"बाई, बोट गेलं तं गेलं. पन हात हालला होता ना?"

डॉक्टर त्यांच्या पलंगावर टेकल्या. "काका, दुखेल. चालेल?" बाबांनी मान हलवली. डॉक्टरांनी खिशातला पेन काढला आणि बाबांच्या डाव्या करंगळीच्या नखावर जोरात दाबला.

हात झटका मारून मागे गेला. कोपरापासून. अगदी तसाच.

"याला मेंदू लागत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चटका बसला की पाठीचा कणाच हात मागे ओढतो. तुमचा बिघाड मेंदूत आहे, वाट खालून चालू आहे. काट्याने हात जिवंत केला नाही काका. दुखवला, एवढंच."

"म्हनजे... कोनी पेन दाबला असता तं..."

"तेव्हाही उडाला असता. उन्हाळ्यातही."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या क्षणी मला त्या बाईचा फार राग आला. माणसाकडे एकच चमत्कार होता, तोही तिने पेनाने काढून घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि मॅडम, तो डोळा? त्याने दिसतं ना त्याला?"

"कोणता डोळा? हा केशरी?" त्या जरा अडखळल्या. "त्याला डोळे नसतात. तोंड खालच्या बाजूला असतं, पाच दात, त्यांनी खडकावरचं शेवाळ खरवडतो. वरचं हे... जे खाल्लेलं असतं ते तो इथून बाहेर टाकतो."

बाबांची पाठ हलायला लागली. मी घाबरून उठलो. ते हसत होते. टाके दुखेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"साऱ्या जिंदगीत कोनापुढं वाकलो नाई रे संघू," ते म्हणाले, "अन् वाकलो तं कुठी!"

हे इथेच संपलं असतं. पण घरी आलो त्या दिवशी जानरावांच्या पार्वताबाई आमच्याकडे आल्या. कडेवर नात, अपेक्षा. सहा वर्षांची, बोलायला तिखट, पण पाय जन्मापासून लुळे.

"देवमनभाऊ, तुमचा हात उडाला थो आमी आमच्या डोयानं पायला. चौकात तुमचा फोटोबी लागला. आता उद्या हिचे पाय लावतो."

"कायचा फोटो?"

चौकात भलामोठा फ्लेक्स होता. रडणारा माझा बाप, आणि खाली: 'मेलेल्या हातात जीव आला!' बाबांच्या तुटलेल्या बोटाबद्दल काही नव्हतं, कारण फ्लेक्सवर जागा कमी असते.

बाबांनी पार्वताबाईंना पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. "तुमची शरदा कमी पडली असन भाऊ. लेकराचे पाय हायेत. मले एवढंबी करून पाहू नोका म्हनता का?"

त्या बाईला काय म्हणणार? महिन्याभरापूर्वी आम्हीच ती बाई होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मले मांडवात ने."

मांडव गच्च भरला होता. पार्वताबाई टाकीशी दिव्याच्या बाजूला बसलेल्या, अपेक्षा मांडीवर. महाराज चिमटा परजत होते. बाबांनी पट्टीचा हात उजव्या हाताने वर धरला.

"हा थोच हात हाय. बोट कापलं. हा देव नाई, समुद्रातलं जनावर हाय. विषारी. लेकराले हात लावू देऊ नोका."

"देवमनभाऊंची श्रद्धा सुटली, म्हणून बोट सुटलं!" महाराज म्हणाले, आणि मांडवाने माना डोलावल्या.

मी म्हणालो, "देव कोणाकडे बघत नाही. त्याच्यावर सावली पडली की तो काटे तिकडे रोखतो. समुद्रात वरून मासा आला तर टोचावं म्हणून. दिव्याच्या बाजूने वाकलात की सावली पडते."

"नास्तिकाकडे देव बघतो का ते पाहू!" महाराजांनी मला खांद्याला धरून टाकीच्या पलीकडे उभं केलं. तिथून माझी सावली मागे ताडपत्रीवर पडली. देव ढिम्म. "बघा, तोंड फिरवलं!" टाळ्या पडल्या. माझी बाजू संपली.

तेवढ्यात अपेक्षा खिदळली. कंटाळलेलं लेकरू, दिवा पाठीशी बघून तिने दोन्ही हातांचा कुत्रा केला होता, तोंड उघडणारा. कुत्र्याची सावली टाकीत पडली आणि देवाचे सगळे काटे कुत्र्याकडे वळले. तिने कुत्रा डावीकडे नेला. देव डावीकडे.

"आजी, पाह्य व! देव माह्या कुत्र्याले नमस्कार करते!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दिव्यापुढे धरला. देवाने झाडूला दर्शन दिलं.

"झाडूतही लक्ष्मी असते!" महाराज गरजले.

"बरोबर हाय!" मांडव म्हणाला.

इथे मी हरलो, हे मान्य करतो. झाडूपुढे माझ्याकडे काही उरलं नव्हतं. महाराजांनी अपेक्षाचा पाय धरला. ती आता हसत नव्हती. काटे जवळून बघितले होते तिने. "आजी, नोको व," ती म्हणाली. पाय पाण्याला टेकला. बाबा पुढे सरकायला गेले आणि धडपडले. आणि मला एकदम बोअर आठवली.

"वामनराव!" मी ओरडलो. "देव तुमच्याच बोअरचा ना?"

वामनराव छाती काढून उभे. "माह्याच!"

"मग त्याला कधी घरचं पाणी पाजलं का? महिनाभर परक्या पाण्यात ठेवलाय बिचाऱ्याला."

वामनरावांचा चेहरा पडला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. साधा, सच्चा माणूस. धावत गेले, बोअरचं पाणी बादलीभर घेऊन आले, डोळे भरून म्हणाले, "घे देवा, माहेरचं पानी," आणि ओतायला लागले.

महाराजांनी अपेक्षाचा पाय सोडला. चिमटा टाकला. दोन्ही हातांनी बादली धरली.

"अबे काय करून राह्यला? ओतू नको! मरन ना थो!"

महिनाभर प्रवचनाच्या भाषेत बोललेला माणूस पहिल्यांदा आमच्यासारखा बोलला.

पार्वताबाईंनी विचारलं, "देव मरते?"

बादली तोवर टाकीत रिती झाली होती. वामनराव रिकामी बादली धरून म्हणाले, "माह्या बोअरचा, अन् माह्याच बोअरच्या पान्यानं मरते? मंग हा कुठच्या पान्यातला हाय, महाराज?"

पार्वताबाईंनी नातीचा ओला पाय पदराने पुसला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि तिला उराशी धरून मांडवाबाहेर निघून गेल्या. मग बाकीचेही. महाराज मागच्या ताडपत्रीतून सटकताना वामनरावांनीच पकडले. पुढचं पोलिसांनी बघितलं. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, फक्त त्याला कुणीतरी बोलवावं लागतं.

देव संध्याकाळपर्यंत मेला. खारं पाणी आणि समुद्राचं पाणी एक नव्हे. काटे एकेक करून गळले. या सगळ्या प्रकारात निरपराध असा तो एकटाच होता. त्याने कुणाला बोलावलं नव्हतं, काही कबूल केलं नव्हतं. सावली पडली की काटे वर करायचे, एवढंच त्याला येत होतं.

अपेक्षाला आता पार्वताबाई अमरावतीला व्यायामाला नेतात. ती चालेल असं कुणी सांगितलेलं नाही. पट्टे बांधून उभी राहील, असं म्हणतात. बाबाही व्यायाम करतात. हात उचलला जात नाही. पण परवा त्यांनी तो उजव्या हाताने उचलून मोटरवर ठेवला, दात-ओठ खाल्ले, आणि चार बोटांनी तार दाबली. थोडीशी. मी गुंडाळत गेलो. मोटर सुरू केली तेव्हा शेजारचे दुकानदार सवयीने आत गेले, आणि काही झालं नाही म्हणून बाहेर येऊन बघत राहिले.

दुखणाऱ्या माणसाला मी हसत नाही. अडलेला माणूस कुठेही हात घालतो; आम्ही घातला. माझं एवढंच म्हणणं आहे की हात घालण्याआधी विचारा. ज्याने टाकी मांडली तो स्वतःचं बोट पाण्यात का घालत नाही, ते विचारा. डॉक्टरकडे जाऊ नका असं का म्हणतो, ते विचारा. दुखलं म्हणजे बरं होतंय का, ते विचारा. आणि एवढं करूनही वाकायचंच असेल, तर निदान एक चौकशी करून घ्या: समोर आहे तो डोळाच आहे ना?